बाराव्याला आलेली पहिली सासू

एकोणतीस वर्षं तुला 'अहो' म्हटलं. जेवायला या म्हणून अहो, गाडी हळू चालवा म्हणून अहो, घोरू नका म्हणून अहो. आजपासून ते बंद. मेलेल्याला ऐकू येत नाही म्हणतात, तर मग अहो काय नि अरे काय. आणि येत असेल ऐकू, तर फारच छान. ऐक मग, काश्या.

तुझं बारावं होऊन आज नऊ दिवस झाले. माझं रडून झालंय. पहिल्या दिवशी मी एवढी रडले की शेणव्याचा ओढा दुथडी भरला आणि पलीकडच्या आळीतल्या बायकांना लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून यावं लागलं. तू असतास तर दारात उभा राहून म्हणाला असतास, "ओढा संक्रांतीपासून कोरडा हाय. बाया चपला घालून आल्या."

हेच आपलं चाललं आयुष्यभर. मी वाढवायचं, तू छाटायचं. किन्हवलीच्या एका हळदीत मी सूर लावला तेव्हा माहुलीच्या किल्ल्यावरची माकडं उतरून पंगतीला बसली होती, हे मी सांगायला लागले की तू जीपचा आरसा पुसता पुसता म्हणायचास, "एकच होता. तो बी केळी चोरायला आला होता." लोक माझं ऐकायचे, हसायचे, आणि मग तुझ्याकडे वळून विचारायचे, "काशिदादा, खरा काय ता सांग." तू सांगायचास आणि ते मानायचे. शेणवा ते मुरबाड जीप चालवणारा दोन शब्दांचा माणूस, त्याच्या शब्दाला सोन्याचा भाव. आणि मी? पंचक्रोशीतली थापाडी.

आता लोकांना मी काय सांगू, सांग. म्हणू, की थापाडी खरी निघाली आणि खरा निघाला गटारातला बेडूक?

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाहीतर माझा राग त्यांना कळायचा नाही. मी धवलारीण. भटजी मंगलाष्टकं म्हणून, जेवून, निघून जातो. पण आमच्या लग्नात हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला जो धवला म्हणायचा, ते गाणं धवलारणीचं. माझं कामच वाढवून सांगायचं. पत्र्याच्या घराला मी सात मजली माडी म्हणते. नवरदेव कल्याणला रिक्षा चालवत असला तरी त्याला पांढऱ्या घोड्यावर बसवते. नवरीच्या बापानं जावयाला हातात घड्याळ दिलं असेल तर मी हत्ती दिला म्हणून गाते, आणि बापाची मान ताठ होते.

पण एका जागी माझं तोंड बांधलेलं असतं. मांडवात आवतण देताना. आधी देवांना बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, नातं सांगून. मला शिकवणारी मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "शोभा किती पन कर गो. पर मेलेल्याचा नाता बदलू नको. चुकीच्या नात्यानं बोलावला तर तो येतो, पर मांडवात त्याला जागा नाय मिलत. आखा लगीन उभा ऱ्हातो." म्हणून मी लग्नाआधी घरच्यांना बसवून वहीत नावं लिहून घेते. कोण कुणाचा बाप, कोण कुणाची चुलती. तीस वर्षांत एक नातं चुकलं नाही माझं. असं मला वाटत होतं.

आता तुझ्या बाराव्याकडे येते.

अंगणात बायका वडे तळत होत्या. किन्हवलीहून माझी आई आणि भाऊ आले होते, माझ्यासाठी साडी, आपल्या नितीनसाठी टॉवेल-टोपी घेऊन. दुखवटा सासुरवाडीनं आणायचा, तसा त्यांनी आणला. तेवढ्यात फाटकाशी एक जीप थांबली. आतून एक म्हातारी उतरली, वाळल्या चिंचेसारखी, हातात काठी. मागे पन्नाशीचा मुलगा, त्याच्या हातात पिशवी. माझा भाऊ पुढे गेला.

"कुनाकडं आलाव, आजी?"

"जावयाचा दुखवटा आनलाय रे."

"घर चुकलाव. इथं जावई नाय, घरधनी गेलाय."

"काशीच ना? जीपवाला काशी?"

"हो."

"मंग माझाच जावई."

अंगणात अशी शांतता पडली की कढईतले वडे तळायचे थांबले. (थांबले. छाटायला तू नाहीस आता.) माझी आई खाटेवरून उठली आणि म्हणाली, "ती सासू, तं मंग मी कोन?" म्हातारी तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तू बी सासूच. बस. मी पयली, तू दुसरी." आणि माझ्या आईच्याच खाटेवर टेकली.

मग तिनं माझा हात धरला. म्हणाली, "मी सुमनची आई. लय दिस यायचा होता तुला बघाया. पोरीच्या लग्नात तू माझ्या सुमनचा नाव घेतलास. काशीनं येऊन सांगितला मना. म्हनला, माझ्या बायकोनं सवतीला आवतण दिला, सोन्याच्या पावलांनी ये म्हनली. कोन बाई सवतीला असा बोलवतं गो? मी त्या दिवशी पोटभर जेवली."

सवत. हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. माझ्याच अंगणात, तुझ्या फोटोसमोर, साठ-सत्तर माणसांत.

आपल्या ज्योतीच्या लग्नाआधीची ती दुपार मला लख्ख आठवते. मी वही घेऊन बसले होते, तू जीपच्या टपावर दोरी बांधत होतास. तुझा बाप लिहिला, आई लिहिली, काका लिहिला. तू वरूनच म्हणालास, "सुमन लिही."

"कोन सुमन?"

"आत्या. बापाची बहीन. ल्हान असताना गेली."

"कदी बोलला नाय तुमी."

"काय बोलायचा? ल्हान होती."

आणि मी, मूर्ख बाई, गहिवरले! केवढीशी पोर असेल, कुणी कधी बोलावलंच नसेल तिला, म्हणून मी तिच्यासाठी वेगळी कडवी जोडली. सोन्याच्या पावलांनी ये, भाच्याच्या पोरीला हळद लाव. आत्या नि भाचा हे नातंसुद्धा मी नीट जुळवत बसले, काश्या! मांडवातल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. तू खांबाला टेकून उभा होतास, आणि तुझेही डोळे भरले होते. मला वाटलं, बघा, माझं गाणं या दगडालाही पाझर फोडतं. आठवडाभर मी गावभर सांगत फिरले की काशिनाथ ढसाढसा रडला, दोन पंचे भिजवले. तू नेहमीसारखं छाटलं नाहीस. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बायको होऊन गेलेली बाई आत्या होऊन आली त्या मांडवात. उभी राहिली असेल बिचारी आखं लग्न. आणि ते माझ्या तोंडून करवलंस तू. जिथं मी कधी खोटं बोलले नाही, त्या माझ्या एकुलत्या एका खऱ्या जागेत तू खोटं पेरलंस. आणि वर त्या म्हातारीला जाऊन सांगितलंस की माझ्या बायकोला सगळं ठाऊक आहे. एका सुमनची दोन खोटी! एक इकडे, एक तिकडे, आणि मधून तू आपला मुरबाडची सवारी घेऊन रुबाबात ये-जा करतोयस.

त्या क्षणी म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. आखं अंगण बघत होतं. खरं बोलले असते तर तुझ्या बाराव्याला तुझी अब्रू गेली असती. त्याचं मला काही नव्हतं, जाऊ दे गेली तर. पण त्या म्हातारीची पाच वर्षांपूर्वीची ती भरल्या पोटाची दुपार गेली असती. मी म्हटलं, "घेतला की नाव. घेणारच. मोठी बहीणच ती माझी."

आयुष्यात माकडं वाढवली, घोडे वाढवले, पण निखळ खोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. तुझ्यासाठी. मरूनसुद्धा तू मला कामाला लावलंस.

मला बघायला आला होतास ते आठव. बापाच्या अंगणात पेंढ्याच्या उडवीमागे दोन मिनिटं बोलायला मिळालं होतं. मी तेव्हाही तोंडाळच. विचारलं, "आदी कुनी होती का?" तू पेंढ्याची काडी दातात धरून म्हणालास, "नाय. तूच पयली." कोणी विचारलं नसतं तर न सांगणं मी समजले असते. मी विचारलं होतं! आणि मग ते वाक्य तू वापरायला लागलास. ज्योतीच्या वेळी मी कळा देत होते तेव्हा, भांडण मिटवताना, माझ्या गुडघ्याला तेल चोळताना. "तूच पयली." मी ते मैत्रिणींना सांगायचे, वाढवून सांगायचे, की हा माणूस झोपेतसुद्धा म्हणतो, तूच पयली. ते एक खोटं नव्हे रे. ते दर वर्षी बी राखून ठेवून पुन्हा पेरलेलं खोटं.

सांगितलं असतंस तर काय केलं असतं मी? दोन दिवस आदळआपट. एक तवा तुझ्या दिशेनं, नेम धरून, पण चुकवून. तिसऱ्या दिवशी सवतीचा चांदीचा टाक करून गळ्यात घातला असता, दुसरेपणावर आलेली बाई घालते तसा, आणि त्या टाकाचंही गाणं केलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी एकोणतीस वर्षं?

आणि ती मुरबाडकडची म्हशाची जत्रा! दर पौषात तू 'बैल बघायला' जायचास. आपल्या गोठ्यात बारा वर्षं बैल नाही. मी बायांना सांगायचे, लोक सिनेमा बघतात, आमचे हे बैल बघतात. यंदा मी म्हटलं, मलाही ने. तू म्हणालास, "तुला गर्दी सोसत नाय." मला! जी तीन-तीन दिवस मांडवात हजार माणसांत गाते! गेलास एकटाच. संध्याकाळी आलास तर जत्रेतून घेतली म्हणून फोनवर सांगितलेली घोंगडी हातात नाही.

"घोंगडी कुटं हाय?"

"एकाला दिली."

"कुनाला?"

"थंडी होती."

थंडी होती! यावर कोणती बाई गप्प बसेल? चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू पण बोलला नाहीस. ताट ठेवायचे, उचलायचे. त्यानंतर महिन्याभरात तू गेलास. अहो, ते चार दिवस तरी... बघ, आलं पुन्हा तोंडात. जीभ मेली ऐकत नाही. ते चार दिवस मला परत हवेत, आणि देणारा कुणी नाही. एका शब्दानं वाचले असते. 'म्हातारीला दिली' म्हटलं असतंस तर मी माझीसुद्धा काढून दिली असती.

गेल्या सोमवारी मी तिच्याकडे गेले. मुरबाडला उतरले, तिथून टोकावड्याकडची एसटी, पुढे पाड्यापर्यंत चालत. दारातच ती बसली होती, गुडघ्यांवर काळी घोंगडी. आत दोरीवर घोंगड्यांची रांग, आभाळाला टेकेल एवढी. नाही. मी मोजल्या. नऊ होत्या. आता छाटायलाही मलाच लागतं.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. "आजी, मला काय म्हाईत नव्हता. मी तिला आत्या म्हनून बोलावली. सवत म्हनून नाय."

ती हसली. दात नाहीत, तरी हसली. "म्हाईत हाय मना."

"कवापासून?"

"बाराव्याला. तुझा हात धरला नि तोंड बघितला. पांढरा पडला होता. मी म्हनला, हिला मेल्यानं काय सांगितला नाय."

"मंग तिथंच का नाय बोललाव?"

"तू सांबालून घेतलास, मी बी घेतला. चारचौघात मेलेल्याचा धोतर कोन फेडतो गो?"

म्हणजे त्या अंगणात आम्ही दोघी एकमेकींना खोटं बोलत होतो, तुझी लाज झाकायला, आणि तू फोटोत हार घालून साळसूद बसला होतास!

मग आम्ही तुला शिव्या दिल्या. दोघींनी मिळून. मला वाटायचं शिव्यांत माझा हात धरणारी तालुक्यात नाही. ती म्हातारी माझी गुरू निघाली. ती म्हणाली, "मुडदा बसवला त्याचा!" मी म्हटलं, "आजी, तो बसलाच की." त्यावर तिला एवढं हसू आलं की मुलगा आतून पाणी घेऊन धावला. हसता हसता ती कधी रडायला लागली कळलं नाही. मी पण.

मुलानंच सांगितलं पुढचं. तू तिकडे टेम्पो चालवायचास, लग्न तिकडेच झालं, अकरा महिन्यांत कावीळ होऊन ती गेली. तुझ्या काकानं दम भरला होता, बिजवर म्हटलास तर कुणी पोरगी द्यायचा नाही. बरं. पण काका आपल्या लग्नानंतर पाच वर्षांत गेला. पुढची चोवीस वर्षं तुझं तोंड कुणी दाबलं होतं?

तर तेही कळलं. म्हातारीनं सांगायचं टाळलं, पण मी खोदून काढलं. ती तुला दर वर्षी म्हणायची, बायकोला सांग. आणि तू म्हणायचास, "तिच्या तोंडी गेली तर सुमन सुमन ऱ्हायची नाय."

हे लागलं मला. अजून लागतंय. कारण खोटं नाही ते. मी तिला सात फूट उंच केली असती, केस जमिनीला टेकवले असते, काविळीच्या जागी नाग आणला असता. तुला ती होती तेवढीच ठेवायची होती. कळतं मला. पण मग तू तिला काय ठेवलंस? लहानपणीच मेलेली आत्या! माझी भीती वाटली म्हणून तू जे केलंस ते मी केलं असतं त्यापेक्षा शंभर पट वाईट. शंभर म्हणतेय, आणि यातला एकही कमी करणार नाही.

मी वही काढली. म्हातारीला म्हटलं, नीट सांगा, वैशाखात नितीनचं लग्न आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत उरकायचं, म्हणून ठरलेलं मोडलेलं नाही. आवतण मीच देणार. भावकीतली एक म्हणालीच, "आता तू गायची का गो?" मी म्हटलं, मला शिकवणारी मावशी तीस वर्षं रांडवपणात गायली, त्या लग्नांतल्या पोरींना नातवंडं झाली.

म्हातारी म्हणाली, "सोन्याच्या पावलांनी नको बोलवू. तिच्या टाचांना भेगा होत्या. भाताच्या आवनीच्या चिखलात दिसभर असायची ती. आनि हाक मारली की 'आली, आली' म्हनायची नि येतच नसं. दोनदा हाक मार."

तसंच लिहिलं. ज्योतीला फोन करून सांगितलं सगळं. ती म्हणाली, "आये, मंग मी तिची कोन?" मी म्हटलं, लेक. माझी पण, तिची पण.

नितीनचं म्हणणं, बाबांचं नाव मोठ्यानं घे. घेईन. माझ्याच लेकाचा बाप आहेस, दारात उभा ठेवणार नाही. सुमनला दोनदा हाक मारीन, काशिनाथची पहिली म्हणून. मग तुला. सुमनचा नवरा, ज्योतीचा नि नितीनचा बाप, ये, पोराला हळद लाव. तिथं ओळ संपते. माझं नातं त्या ओळीत नाही. मी कितीदा म्हणून बघितली, चुलीपुढे, गोठ्यात, तुझ्या रिकाम्या जीपमध्ये बसून, पण माझ्यापाशी आलं की मला नक्की सांगता येत नाही की तू माझा कोण होतास. जे नक्की नाही ते मी मांडवात म्हणत नाही. ज्या वर्षी सांगता येईल त्या वर्षी तसं बोलवीन.

तोवर तिच्या शेजारी बस. पोटभर जेव. आणि माझ्याकडे बघू नकोस, मी गात असेन.